पांढऱ्या कालवडींचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना बोलायचं असेल, तर आधी त्यांचा डावा हात गायीत खांद्यापर्यंत जावा लागे. एरवी माणूस मुका. 'बरं' आणि 'हं' एवढ्या भांडवलावर त्यांनी कतारात किती वर्षं काढली, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटायचं नाही. पण जनावर अडकवायच्या लोखंडी खोड्यात गाय उभी राहिली, त्यांनी डोळे मिटले, शेपटी बाजूला सारून हात आत घातला की त्यांना जी वाचा फुटे ती हात बाहेर येईपर्यंत थांबत नसे. आतल्या आत बोटांनी गर्भाशय चाचपणं चालू आणि बाहेर लातूरकडच्या बोलीत जगाचा निवाडा चालू. ज्वारीच्या भाकरीपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळं त्यात यायचं. हात बाहेर आला, पाण्याखाली धरला, की परत 'हं'.

मी त्या फार्मवर स्टोअरकीपर होतो. मी वसईचा, ख्रिस्ती, आणि दोहापासून उत्तरेला गाडीने तासाभरावर, वाळूशिवाय काही नसलेल्या जागी, मराठी समजणारे आम्ही दोघंच. फार्म एका शेखचा, त्यांच्या हौसेचा. सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे. थंड देशातल्या, आखूड शिंगांच्या, मांसासाठी पाळतात त्या जातीच्या गाई त्यांनी विमानाने आणवल्या होत्या. त्यांच्यासाठी गोठ्यात पंखे, वरून पाण्याचे फवारे. आमच्या खोलीतला एसी बंद पडला तर दुरुस्तीला आठवडा लागे, गोठ्यातला पंखा थांबला तर मॅनेजर स्वतः धावत यायचा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. गाई मरत होत्या उन्हाने, आम्ही मरत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

खोड्यात माझं काही काम नव्हतं खरं तर. पण डॉक्टरांचं हिंदी कच्चं, इंग्रजी औषधांच्या नावापुरतं, आणि आतमध्ये काय लागलं ते त्यांना मराठीतच सांगता यायचं. म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. मी रंगाचे तीन डबे घेऊन उभा राहायचो, दाबले की फवारा उडतो तसले. गाभण असली की गाईच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळा. रिकामी, पण अजून एक संधी देण्याजोगी असली की हिरवा. लाल लावला की ती गाय पुढच्या ट्रकने खाटिकखान्यात. रंग लावण्याआधी डबा हलवावा लागे, आत एक गोळी असायची ती खडखड वाजायची. कुठल्या डब्याची गोळी वाजतेय हे गाईंना कळत नसे, हे एक बरं होतं.

डावा हात म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांची डावी बाही खांद्यापासून कापलेली. त्या हाताची नखं रोज सकाळी घासून गुळगुळीत करायचे, उजव्या हाताची तशीच वाढलेली. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा असायचा, पण शंका आली की तो काढून फेकायचे. "हातमोजा खोटं बोलतो," म्हणायचे. पंगतीत, कुणाच्या घरी, मराठी मंडळाच्या गणपतीत तो हात खिशात. लिंबाने चोळचोळ चोळूनही त्याला वास येतो अशी त्यांची खात्री होती. मी कितीदा सांगितलं की येत नाही. येत होता थोडा.

एकदा आत हात घालून त्यांनी मला विचारलं, "वसईकर, तुम्ही हे मांस खाता, मी खात न्हाई. पण लाल रंग मी सांगतो. मग पाप जास्त कुणाला लागंल?" मी म्हटलं, डॉक्टर, रंग तर मी लावतो. त्यावर ते बराच वेळ हसले. त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते तेवढंच.

खोटं मात्र त्यांना बोलता येत नसे, आणि हा गुण म्हणून मी सांगत नाही. जगात वावरायला थोडं खोटं लागतं, भाकरीला पाणी लागतं तसं. गाय रिकामी निघाली की अरबाब सवयीने म्हणायचे, पुढच्या वेळी, इन्शाल्ला. आम्ही सगळे मान डोलवून इन्शाल्ला म्हणायचो. डॉक्टर मात्र 'नो' म्हणायचे. मॅनेजरने त्यांना परोपरीने समजावलं की हा शब्द होकार नव्हे, नकारही नव्हे, नुसती सभ्यता आहे. डॉक्टर म्हणाले, "हं." पुढच्या गाईला पुन्हा 'नो'.

पांढऱ्या कालवडी आल्या ते अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमारास. अरबाबांना पांढरा रंग आवडे. उंट पांढरे, गाड्या पांढऱ्या. त्यांनी व्यापाऱ्याला कळवलं की या जातीत जेवढ्या शुभ्र कालवडी असतील तेवढ्या निवडून पाठव. विमानातून उतरल्या तेव्हा काय दिसत होत्या म्हणून सांगू. धुतलेल्या चादरीसारख्या. बांगलादेशी गडीसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिले. डॉक्टर एकटे कठड्याला टेकून खाली बघत होते.

हिवाळ्यात त्या वेळेवर माजावर आल्या, भरवल्या, आणि उलटल्या, म्हणजे गाभ राहिलाच नाही. परत माजावर आल्या, परत उलटल्या. मग एका सकाळी त्यांना ओळीने खोड्यात घेतलं. पहिलीत हात घातल्यावर डॉक्टर नेहमीसारखे बोलायला लागले नाहीत. बोटं आत फिरत होती, मिटलेल्या पापण्या हलत होत्या. मग म्हणाले, "हिला गर्भाची पिशवीच न्हाई बगा. बीजांडं हैत, दोन्ही चांगली. माज येतो तो त्याच्यामुळं. पण मधी पिशवी जिथं पाहिजे तिथं नुसती दोरी लागायलीय." आईच्या पोटातच ते घडायचं राहून जातं, म्हणाले. बाहेरून काही कळत नाही. कालवड वाढते, चरते, माज दाखवते, दिसायला सगळ्यांत देखणी. दुसरीला पिशवीचा तुकडा होता पण वाट बंद. तिसरी पुन्हा नुसती दोरी. या जातीत पांढऱ्या रंगाबरोबर हा दोष येतो, हे त्यांच्या पुस्तकात होतं आणि व्यापाऱ्याला पुस्तक न वाचताही माहीत असणार. शुभ्र तेवढ्या निवडून मागणारं गिऱ्हाईक त्याला आयतंच मिळालं होतं. सगळ्याच तशा निघाल्या नाहीत, पण लाल डबा त्या दिवशी संपला आणि मला स्टोअरमधून दुसरा आणावा लागला.

डॉक्टर संतापले होते. "रोग झाला तर कुणाचा दोष न्हाई. जन्मताच राहिलं, त्यात तर कुणाचाच न्हाई. पण माहीत असून विकली त्यानं. माहीत असून." हे 'माहीत असून' नंतर कितीतरी महिने चालू होतं. हात आत गेला की पहिला शब्द तोच.

त्यांचं कुटुंब दोहात अल थुमामाला एका फ्लॅटमध्ये राहायचं. वहिनी, आणि एकुलती मुलगी. शुक्रवारी सुट्टी म्हणून मुलगी कधीकधी फार्मवर यायची. चौथी-पाचवीतली, दोन वेण्या, इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. बापलेकीचं बोलणं असं फारसं नसेच. ती खोड्याच्या बाहेर कठड्यावर बसून बाप गाईशी आणि माझ्याशी जे बोले ते ऐकायची. मला वाटतं, आपला बाप बोलतो कसा हे तिला तिथेच कळलं. तिने मला प्रत्येक रंगाचा अर्थ विचारला. निळा आणि हिरवा मी सांगितला. लालला मी म्हटलं, त्या दुसऱ्या फार्मवर जातात. तिने बापाकडे बघितलं. त्यांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "कापतेत." ती पोर त्यानंतर फार्मवर आली नाही.

पुढे काही वर्षांनी, एका थंडीतल्या सकाळी, खोड्यात एक तांबडी गाय होती. जुनी, चार-पाच वेळा व्यालेली. डॉक्टर हात घालून उभे होते. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "पिशवी न्हाई हो, वसईकर."

मला नवल वाटलं. व्यालेल्या गाईला पिशवी कशी नाही? पण त्यांच्या हाताशी वाद घालायचा नसतो. मी लाल डबा उचलून हलवला. गोळी वाजली.

"गायीचं न्हाई," ते म्हणाले. "लेकीचं."

मुलीला सोळावं लागून गेलं तरी पाळी आली नव्हती. वहिनी वर्षभर आज येईल, उद्या येईल करत होत्या. शेवटी दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगायला कागदावर चित्र काढायला घेतलं, तर डॉक्टर म्हणाले की नको, मला माहीत आहे. बीजांडं होती, दोन्ही चांगली. तब्येत उत्तम. बाकी आयुष्य चारचौघींसारखं, फक्त पाळी येणार नाही आणि पोटी मूल होणार नाही. हे सगळं त्यांनी मला गाईत हात ठेवून सांगितलं. गाय बिचारी उभी राहिली. मी डबा खाली ठेवला.

मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत आली तेव्हा स्थळ निघालं. नाशिकचे लोक, मुलगा गॅस कंपनीत, घर दोहातच अल दुहैलला कंपाउंडमध्ये. मुलामुलीची ओळख मंडळाच्या गणपतीत झालेली, पसंती त्यांचीच, थोरांनी फक्त शिक्का मारायचा. वहिनींचं म्हणणं होतं की लग्न होऊ दे, पुढचं पुढे बघू. मूल दत्तक घेता येतं, हल्ली काय काय निघालंय. डॉक्टरांनी घरात 'हं' म्हटलं. खोड्यात मात्र मला म्हणाले, "मग माझ्यात आन् त्या व्यापाऱ्यात फरक काय ऱ्हायला?" मी म्हटलं, डॉक्टर, पोरगी आहे ती, कालवड नाही. तुम्ही आधी तिच्याशी बोला. ते म्हणाले, "कसं बोलू? बाहेर मला येत न्हाई."

हे मी विनोद म्हणून ऐकलं होतं. विनोद नव्हता तो.

बैठकीच्या दिवशी मला बोलावलं होतं, डॉक्टरांच्या बाजूने कुणीतरी असावं म्हणून. वहिनींनी त्यांना दोन्ही बाह्यांचा नवा शर्ट घातला होता. डावा हात खिशात. नाशिकचे आईवडील साधे, चांगले लोक होते. मुलाच्या वडिलांनी गप्पांना सुरुवात म्हणून विचारलं की तुमच्या फार्मचं काम नेमकं काय असतं. साधा प्रश्न. दुसरा कुणी म्हणाला असता, गुरांचं औषधपाणी, आणि विषय पोह्यांवर गेला असता.

डॉक्टरांनी खिशातून हात काढला. तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत ते बोलायला लागले. मी त्यांना गाईशिवाय एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पांढऱ्या कालवडी विमानातून कशा उतरल्या, किती देखण्या होत्या, माज कसा वेळेवर येई, हे त्यांनी सांगितलं. आत हात घातल्यावर काय लागलं ते सांगितलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. मी मध्येच चहाचं काहीतरी बोललो. ते थांबले नाहीत.

"त्या व्यापाऱ्याला माहीत होतं," ते म्हणाले. "माहीत असून त्यानं विकल्या. मला तसं जमणार न्हाई. आमच्या लेकीला जन्मापासून पिशवी न्हाई."

पंख्याचा आवाज येत होता. मुलाची आई पदर सारखा करत राहिली. मुलगा मान खाली घालून बसला होता, त्याला धक्का बसलेला दिसत नव्हता, आणि ते का ते दुसऱ्याच क्षणी कळलं. मुलगी दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. इंग्रजीत, शांतपणे ती म्हणाली की त्याला हे सगळं माहीत आहे, तिने स्वतःच त्याला कधीच सांगितलंय. त्याच्या आईवडिलांना कसं आणि केव्हा सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. ते तिचं सांगायचं होतं. मग बापाकडे वळून, तितक्याच शांतपणे, तिने विचारलं, "सो बाबा, व्हिच कलर डू आय गेट?"

मुलगा, त्याचे आईवडील, वहिनी, कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. खोलीत तो अर्थ ठाऊक असणारे आम्ही तिघंच. डॉक्टरांनी हात पुन्हा खिशात घातला.

ते लोक रीतसर उठले, रीतसर निरोप घेतला. नाशिकहून नकार आला तोही सभ्य भाषेत. मुलगा काही दिवस हट्टाला पेटला होता म्हणतात, मग त्याचाही आवाज बसला. मुलगी पुण्याला परत गेली, नोकरीला लागली, आईला फोन करायची. वहिनीही पुढे तिच्याकडे गेल्या त्या गेल्याच. मला डॉक्टरांचा राग आला होता. अजून येतो. खरं बोलले म्हणून नाही. खरं बोलायला त्यांच्याकडे दुसरे शब्दच नव्हते म्हणून. सगळा जन्म जे शब्द गाईत हात घालून जमवले, तेच पोरीसाठी वापरले.

त्यानंतर हात आत गेला तरी ते बोलेनात. फक्त निळा, हिरवा, लाल.

मग अरबाबांचं मन घोड्यांकडे वळलं आणि गाई काढायच्या ठरल्या. गाभण असतील त्या दुसऱ्या एका फार्मने घ्यायच्या, उरलेल्या ट्रकने खाटिकखान्यात. हिरव्याचं काम संपलं होतं. दिवसभर कळप खोड्यातून गेला. दुपार कलली तेव्हा शेवटची पांढरी गाय राहिली, जुन्यांच्या वंशातली, जिला दोनदा हिरवा मिळाला होता. ट्रकवाला बाहेरून यल्ला, यल्ला, चला लवकर, करत होता.

डॉक्टरांनी हात आत घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वसईकर, तुमच्या मोबाईलवरनं लेकीला फोन लावता का? मला बोलायचंय. इथंच येईल मला."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. अनोळखी नंबर म्हणून असेल, तिने उचलला. माझा कान त्यांच्या कानाशेजारीच होता.

"बाई, मी बोलतोय," ते म्हणाले, आणि मग धबधबा लागला. "तू इचारलं होतंस. त्या दिवशी मला उत्तर आलं न्हाई. रंग लावायचा असतो तो ज्याला विकायचंय त्याला. तुला कुठं विकायचं होतं मला? लेक हैस तू माझी. तू काय काय हैस ते सांगायचं सोडून मी जे न्हाई तेवढंच सांगितलं. आन् ते पण तुझं सांगायचं होतं, मी तुझ्या हातनं काढून घेतलं. मला माफ कर म्हणायला तोंड न्हाई, तरी म्हणतोय." त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. उजव्याने त्यांनी शेपटी धरली होती.

ती ऐकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, जमलं. देवाशपथ मला वाटलं की आता जमलं.

तेवढ्यात गाय हंबरली. लांबलचक, जीव तोडून.

पलीकडून ती मराठीत बोलली. मी तिचं मराठी पहिल्यांदाच ऐकत होतो. "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

घरी म्हणा, मी मनात म्हटलं. रस्त्यावर म्हणा, काहीही म्हणा.

"खोड्यात," डॉक्टर म्हणाले.

"हात कुठे आहे?"

"आत हाय."

फोन बंद झाला. मी तो तसाच त्यांच्या कानाशी धरून ठेवला. थोड्या वेळाने म्हटलं, रेंज गेली असेल डॉक्टर, इथे जातेच, परत लावतो.

"न्हाई," ते म्हणाले. "तिनं ठेवला."

गाय हलली. त्यांची बोटं आत फिरत असावीत, खांदा हलत होता. मी हिरवा डबा उचलला होता. त्या दिवशी हिरव्याला काही अर्थ नव्हता, तरी उचलला. निळा लावू का, असंसुद्धा विचारलं मी. कोण बघणार होतं? दुसऱ्या फार्मवर चार महिने चरली असती बिचारी.

"हिला पिशवी न्हाई, वसईकर," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे दोनदा हिरवा सांगितला तेव्हाही नव्हती, आणि ते त्यांना माहीत होतं. मी लाल डबा हलवला. डॉक्टरांनी हात बाहेर काढला आणि पाण्याच्या नळाकडे गेले. पुढच्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. सगळ्या रस्त्यात ते 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत.